मोगऱ्याची तहान

ऊन जिथं कोंबड्याच्याही आधी उठतं आणि दिवेलागणीपर्यंत निजायचं नाव काढत नाही, अशा एका गावात अनसू नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. दुर्गाक्कांच्या बागेच्या कोपऱ्यात विटांची एक खोली होती, तेच तिचं घर. खोली एवढीशी, की चूल पेटवली की खाट बाहेर, आणि खाट आत आली की अनसू बाहेर. पण दार उघडलं की समोर तांबडीलाल जास्वंद, गुलाबी कण्हेर, निळीजांभळी गोकर्ण आणि विहिरीच्या कडेनं मोगऱ्याची बारा झुडपं. एवढं मोठं अंगण राजाच्या मुलीलाही मिळत नसेल, असं अनसूला वाटायचं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

अनसू रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. तिला वाढवलं तिच्या आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, भिवा माळ्यानं. शेवग्याच्या फांदीवर कधी भरवसा ठेवू नये, हे आबांनी लेकीला शंभरदा सांगितलं होतं. आणि माघातल्या एका सकाळी ते स्वतःच शेंगा काढायला शेवग्यावर चढले. फांदी कडाडकन मोडली आणि तिच्याबरोबर आबांचा पायही मोडला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या आणि बजावलं, दोन-अडीच महिने खाट सोडायची नाही.

झालं, सगळी बाग अनसूच्या चिमुकल्या खांद्यांवर आली. पहाटे उठून विहिरीचं पाणी शेंदायचं, झारी भरभरून आळ्यांत घालायचं, मग भाकरी थापायची, मग अंगण झाडायचं. तिच्या इवल्या तळहातांवर मण्यांएवढे फोड आले. तिनं ते आबांना दाखवले नाहीत, कारण आबांना नुसतं पडून राहण्याचंच दुःख पुरेसं होतं.

आता या दुर्गाक्का कोण, तेही सांगायला हवं. त्या गावातल्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. शाळा सुटून दहा वर्षं झाली, पण पाठीचा छडीसारखा ताठ कणा काही सुटला नव्हता. मोठ्या कौलारू घरात त्या एकट्याच राहायच्या आणि अंगणात एक वाळकं पान दिसलं तरी त्यांच्या कपाळावर तीन आठ्या पडायच्या. आबा पडल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भिवा, पायाला जप," त्या म्हणाल्या. "पण एक आत्ताच सांगून ठेवते. अक्षय्यतृतीयेला माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. आमच्या सासूबाईंपासूनची रीत आहे, येणाऱ्या प्रत्येकीच्या ओंजळीत घरचा मोगरा पडतो. गेल्या वर्षी तबकाचा तळही झाकला नाही. यंदा फुलला तर ठीक. नाहीतर मी सबंध अंगणाला फरशी घालून घेणार. हा रोजचा पालापाचोळा मला आता सोसवत नाही."

फरशी घातली की बाग नाही. बाग नाही तर माळी नाही, आणि माळी नाही तर माळ्याची खोली तरी कशाला. हे गणित अनसूला कुणी शिकवावं लागलं नाही.

अक्का गेल्यावर आबांनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, मोगरा म्या छाटून ठेवलाय. त्याला पानी द्यायचं न्हाई. थेंबभर बी न्हाई. म्या सांगंन तवाच."

"का वो आबा?"

पण तेवढ्यात पायातून अशी कळ आली, की आबा डोळे मिटून कण्हत कुशीवर वळले. अनसूचा प्रश्न तसाच राहून गेला.

फाल्गुन लागला आणि कडुनिंबाची पानं गळायला लागली. पिवळी, तांबूस, सोनेरी पानं गिरक्या घेत घेत खाली उतरायची. सकाळी झाडून वर बघावं, तर दुपारपर्यंत अंगणात पुन्हा सोनेरी गालिचा. गावात घरोघरी सकाळचा धूर दिसायचा, कारण अंगण झाडायचं, ढीग करायचा आणि काडी लावायची, ही तिथली जुनी सवय. अक्कांनीही ओट्यावरून सांगितलं, "अनसू, तो ढीग पेटवून टाक बरं."

अनसूनं काडी ओढली. ती ढिगाला लावणार, तोच आतून काहीतरी हललं. तिनं फुंकर मारून काडी विझवली आणि हलकेच पानं बाजूला केली. आत एक गुबगुबीत बेडूक डोळे मिटून बसला होता. त्याच्या खाली गोगलगायींची तीन पिल्लं होती, आणि शेजारी लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारे टिकलीएवढे किडे. सगळे आपापले गारव्याला निजलेले.

"अगं बाई, यांचं तर घर आहे हे," अनसू पुटपुटली. घर जाण्याची भीती काय असते, ते तिला आता चांगलं ठाऊक झालं होतं.

तिनं टोपलं आणलं. पानं अलगद भरायची, विहिरीमागच्या सावलीत नेऊन ठेवायची आणि परत यायचं. डोक्यावर ऊन तापलं, अक्का आत जाऊन लवंडल्या, गल्लीतली कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला गारव्याला जाऊन पडली. अनसू मात्र मुंगीसारखी ये-जा करत राहिली. सतरावं टोपलं ओतलं, तेव्हा त्यातून एक पिटुकली शिंक आली.

अनसूनं वाकून पाहिलं. वाळक्या पानांत अंगठ्याएवढी एक परी उभी होती. तिचा झगा पिंपळाच्या जाळीदार पानाचा, केस तांबूस आणि मऊ, पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत. ती हलली की पंखांवर हिरवे, निळे, केशरी रंग लकाकायचे. नाक मात्र धुळीनं माखलेलं होतं आणि ते ती झग्याच्या टोकानं पुसत होती.

"किती गदागदा हलवलंस गं," परी म्हणाली. तिचा आवाज घुंगराएवढा होता. "पण जाळलं नाहीस. मी पाचोळापरी. गळलेल्या पानांत मी राहते. दरवर्षी फाल्गुनात या धुरापायी मला घर सोडून पळावं लागतं. यंदा पहिल्यांदाच कुणी टोपल्यात बसवून नेलं."

अनसूला हसूही आलं आणि भीतीही वाटली. "तुला लागलं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही. आणि तू हे विचारलंस, म्हणून तुला तीन इच्छा देते. पण माझ्या दोन अटी आहेत, त्या नीट ऐक. ऋतूच्या विरुद्ध काही मागायचं नाही. भर उन्हाळ्यात शेवंती मागितलीस तर मिळायची नाही. आणि दुसरी अट पहिलीहून मोठी. ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं. विचारलं नाहीस तरी इच्छा पुरी होईल, पण ती वाकडी होईल."

"आणि झाडासाठी मागायचं असेल तर? झाडाला कसं विचारणार?"

"त्याच्यापाशी बसून," परी म्हणाली, आणि पानांत शिरून दिसेनाशी झाली.

अनसू उठली ती नाचतच. तीन इच्छा. तिच्या मनात साखरेच्या पाकासारखे बुडबुडे उठत होते. पण विहिरीला वळसा घालून ती पुढं आली आणि थबकली. मोगऱ्याची बारा झुडपं उन्हात उभी होती. काटक्या सुकलेल्या, बुंध्याशी मातीला भेगा पडलेल्या, उरलीसुरली पानं मान टाकून लोंबलेली. इतके दिवस रोज झारी घेऊन ती त्यांच्यासमोरून जायची, आबांचा शब्द म्हणून थेंबही घालायची नाही, आणि रोज मागं वळून वळून बघायची. आज काही तिला राहवलं नाही.

आबांनी पाणी घालू नको म्हटलंय, तिनं स्वतःशी विचार केला, पण मी कुठं पाणी घालतेय? मी तर नुसतं मागतेय. असली पळवाट मोठ्या माणसांनाही सुचते, मग नऊ वर्षांच्या मुलीला का सुचू नये? तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या मोगऱ्याला पोटभर पाणी मिळू दे."

विचारायचं मात्र ती साफ विसरली.

मातीतून झुळझुळ आवाज आला. प्रत्येक झुडपाच्या मुळाशी चांदीच्या तारेसारखा झरा फुटला, भेगा मिटल्या, माती काळीशार झाली. आठ दिवसांत मोगरा असा फोफावला, की पाहणाऱ्याचे डोळे निवावेत. हिरवीगार, पोपटी, लुसलुशीत, टवटवीत पानंच पानं. अनसूला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. तिनं त्यातली एक फांदी खुडली आणि आबांना दाखवायला नेली.

आबांनी फांदी हातात घेतली. एकेक पान उलटून, पेरापेरावर बोट फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पानी दिलंस व्हय गं?"

अनसूनं मान खाली घातली. मग रडत रडत सगळं सांगितलं. ढीग, बेडूक, परी, तीन इच्छा, सगळं. परीचं ऐकून आबा हसले नाहीत की रागावलेही नाहीत. बागेत जन्म काढलेला माणूस असल्या गोष्टींना खोटं म्हणायची घाई करत नाही.

"अगं येडे, म्या त्याला ताण दिला हुता," ते म्हणाले. "मोगऱ्याला बहर धरायचा तर आधी त्याला तहानेला ठेवावं लागतं. पानी तोडलं की झाड गप हुतं. पानं टाकतं, जीव मुळाशी धरून बसतं. मग पानी दिलं की त्याला वाटतं, आता फुलून घ्यावं. आन् रोज लाडानं पाजत बसलं, की ते नुसतं पानांत रमतं. ही बघ, एवढी पानं, आन् कळी एक बी न्हाई."

अनसूच्या हातून प्रेमापोटी केवढी चूक झाली होती. ती धावत विहिरीमागं गेली आणि पाचोळ्यापुढं बसून हमसून हमसून रडली. अक्षय्यतृतीयेला आता पावणेदोन महिनेच उरले होते.

पाचोळापरी बाहेर आली आणि तिच्या गुडघ्यावर बसली. तिनं 'मी सांगितलं नव्हतं का' असं म्हटलं नाही, हा तिचा मोठा चांगुलपणा. ती म्हणाली, "दोन इच्छा अजून आहेत गं. डोळे पूस."

"मग आत्ताच कळ्या मागते," अनसू म्हणाली.

"कुणासाठी?"

"मोगऱ्यासाठी." आणि मग तिचं तिलाच आठवलं. "थांब, त्याला विचारते."

ती मोगऱ्यापाशी जाऊन बसली. झारी नाही, खुरपं नाही, नुसती बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिनं बोटभर माती उकरली, ती हातात घेऊन चुरली, पानांना गाल लावला. माती थंडगार आणि ओलीचिंब होती, पानं सुस्तावलेली होती. तिसऱ्या दिवशी तिनं तळहात पुढं करून विचारलं, "तुला काय हवंय रे?"

वारा नव्हता. तरी मोगऱ्याचं एक हिरवंगार पान देठापासून सुटलं आणि तिच्या तळहातावर येऊन पडलं. मग दुसरं पडलं, मग तिसरं.

अनसूला कळलं, आणि कळलं म्हणूनच तिला फार वाईट वाटलं. "तहान हवी आहे ना तुला?" ती हळूच म्हणाली. "बरं. माझ्या मोगऱ्याला तहान लागू दे."

ऋतू अजून टळलेला नव्हता. परीनं पंख फडफडवले, मुळाशी झुळझुळणारे झरे आटले आणि फाल्गुनाच्या उन्हानं माती दोन दिवसांत कोरडी केली. पण पानं काही आपोआप झडली नाहीत. "हातानं करायचं ते हातानंच करायला हवं," परी म्हणाली. मग अनसूनं आबांकडून नीट विचारून घेतलं, शेंडे कसे छाटायचे, पान देठाशी कसं मुरडून काढायचं, फांदीची साल कशी सोलू द्यायची नाही. ती एकेक पान काढत गेली आणि प्रत्येक पानाला "रागावू नको हं" म्हणत गेली. बारा झुडपांना तीन दिवस लागले. शेवटी नुसत्या काटक्या उरल्या.

नेमक्या त्याच वेळी दुर्गाक्का बागेत आल्या.

"हे काय केलंस?" त्यांचा आवाज चिरकला. "एवढी हिरवी झाली होती झाडं. होती नव्हती ती पानंही ओरबाडलीस?"

"अक्का, मोगऱ्याला ताण दिलाय. पाडव्याला पाणी देणार आहे, मग—"

"पुरे. बाप खाटेवर आणि बाग पोरीच्या हातात, चूक माझीच आहे. आता मोगरा फुलो न फुलो, मी फरशी सांगून टाकते. अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येईल. तोवर तुम्ही राहायची सोय बघा."

त्या रात्री आबा अनसूच्या डोक्यावर हात ठेवून पडून राहिले.

पुढचे पंधरा दिवस अनसूला फार जड गेले. रोज भरलेली झारी घेऊन ती मोगऱ्यासमोरून जायची. जास्वंदीला पाणी, गोकर्णीला पाणी, तुळशीला पाणी, मोगऱ्याला मात्र फक्त एक नजर. कधी कधी ती त्याच्यापाशी बसून स्वतःही पाणी न पिता राहायची. असल्या उपासाचा मोगऱ्याला काय उपयोग, असं कुणी म्हणेल. पण तहानेला सोबत असली की तहान थोडी कमी लागते, असं अनसूचं मत होतं.

पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभारली आणि आबा खाटेवरून म्हणाले, "जा पोरी. आता दे पानी. न्हाऊ घाल त्याला."

अनसूनं आळी मोकळी केली, शेणखत मिसळलं आणि शेंदून शेंदून पाणी घातलं. मग विहिरीमागचा पाचोळा टोपल्या भरभरून आणला आणि झुडपांच्या बुंध्याशी जाड पसरला, म्हणजे चैत्राचं ऊन मातीतली ओल पळवणार नाही. उरलेला पाचोळा तिनं कडुनिंबाखालच्या मोकळ्या अंगणभर पसरला. हे तिला परीनंच सुचवलं होतं. बेडूकराव आपल्या बिऱ्हाडासह तिथं मुक्कामाला आले.

आठव्या दिवशी काटक्यांवर पोपटी ठिपके दिसले. पंधराव्या दिवशी कोवळी पानं आली, आणि त्या पानांच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढ्या हिरव्या-पांढऱ्या कळ्या. अनसू मोजायला बसली आणि दोनशेच्या पुढं तिची मोजणी चुकली.

पण अक्कांचा टेम्पो ठरलेला होता. मोगरा आता कितीही फुलला तरी खोली जायची होतीच. आणि अनसूकडं एक इच्छा उरली होती.

ती आधी आबांकडं गेली. "आबा, तुमचा पाय लगेच बरा व्हावा असं मागू?"

"नको," आबा म्हणाले. ते आता काठी धरून चार पावलं टाकत होते. "हाडाला बी त्याचा ऋतू असतो. जुळतंय ते. तुझी इच्छा फुकट कशाला घालवतीस?"

मग राहिली खोली. 'फरशी येऊ नये' असं मागावं, की 'अक्कांचं मन बदलू दे' असं मागावं? अनसू दोन दिवस विचार करत होती. अक्कांचं मन म्हटलं, तर अक्कांना विचारायला हवं. ती गेली आणि ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. अक्का कैऱ्या निवडत बसल्या होत्या.

"अक्का, एक विचारू? तुम्हाला काय हवंय?"

"मला? मला फरशी हवीय. सांगितलंय ना."

"फरशी कशासाठी हवीय?"

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं, तर अक्कांनी त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं. पण त्यांचा हात कैरीवर थांबला.

"सासूबाईंच्या वेळी शंभर शंभर बायका यायच्या हळदीकुंकवाला," त्या म्हणाल्या. "अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. गेल्या वर्षी सात आल्या. दारातूनच कुंकू लावून गेल्या. सगळीकडं पाचोळा, माती, कोण बसेल अशा अंगणात? फरशी असली म्हणजे कसं स्वच्छ, टापटीप. मग येतील." जरा थांबून त्या हळूच म्हणाल्या, "मला बायका यायला हव्यात गं. घर फार शांत झालंय."

खरी गोष्ट अशी होती, की गावातल्या बायका अक्कांनाच बिचकायच्या. एकीच्या हातून हरभऱ्याचं एक सालपट पडलं, तर अक्का लगेच केरसुणी घेऊन तिच्या मागं उभ्या. पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार?

अनसू विहिरीमागं आली. परी वाट पाहत होती.

"विचारलंस?"

"विचारलं." अनसूनं खोलीकडं पाहिलं. विटांची, बुटकी, धुरानं काळी झालेली तिची खोली. पण विचारल्यावर जे उत्तर मिळालं, ते ऐकलंच नाही असं कसं करायचं? अक्कांच्या आवाजात जी तहान होती, ती मोगऱ्याच्या तहानेसारखी नव्हती. ती पाणी दिल्यावरच भागणारी होती. अनसूनं डोळे मिटले.

"अक्षय्यतृतीयेला अक्कांचं अंगण बायकांनी भरू दे. आणि त्या दारातूनच परत जायला नकोत."

परीनं तिच्याकडं फार वेळ पाहिलं. तिच्या पंखांवरचे सगळे रंग एकदम उजळले.

अक्षय्यतृतीयेच्या पहाटे अनसू दार उघडून बाहेर आली, आणि तिला वाटलं रात्रीतून चांदणंच झुडपांवर उतरून बसलंय. बारा झुडपं पांढरीशुभ्र झाली होती. टपोऱ्या, मोतिया, दवानं चमचमणाऱ्या कळ्या आणि फुलं. काठी टेकत आबाही आले. त्यांनी लेकीच्या केसांत एक फूल खोवलं आणि डोळे पुसले. दोघांनी मिळून पाच टोपल्या भरल्या, तरी झुडपं रिकामी दिसेनात.

दुपार कलली तसा वास निघाला. तो कुंपणावरून गेला, गल्लीतून वळला, पिठाच्या गिरणीवरून, देवळावरून, शाळेवरून गेला आणि घराघरांत जाऊन बायकांच्या कानाशी लागला. 'अक्कांचा मोगरा फुललाय.' जिला बोलावणं होतं ती आली, आणि जिच्याकडं बोलावणं द्यायचं राहिलं होतं तीही आली. हिरवी, जांभळी, अंजिरी, आंबा रंगाची लुगडी आणि साड्या फाटकातून आत येऊ लागल्या.

घरात चैत्रगौर पाळण्यात बसली होती. तिला नमस्कार करून बायका कुंकू लावून घ्यायच्या, ओंजळीत मोगरा घ्यायच्या आणि जायला वळायच्या. फाटकाशी काढलेल्या चपला पायात घालायला म्हणून त्या अंगणात उतरायच्या आणि तिथंच थांबायच्या. कारण वैशाखाच्या त्या उन्हात कडुनिंबाखालच्या पाचोळ्यावर अनवाणी पाऊल पडलं, की गार वाटायचं. अगदी माठाला हात लावल्यासारखं.

"अगं बाई, किती थंड आहे हो इथं," सराफांच्या म्हाताऱ्या कमळजाबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या. "काल पलीकडं वकिलीणबाईंकडं गेले होते. त्यांनी सगळीकडं फरशी घातलीय नवी. तव्यावर उभं राहिल्यासारखं झालं बाई. पन्हं पीत पीत आम्ही सगळ्या नाचत होतो."

सगळ्या हसल्या, एकीमागून एक बसल्या. पन्ह्याचे पेले फिरले, कैरीच्या डाळीच्या वाट्या फिरल्या. कुणीतरी गाणं म्हटलं. कुणाच्या तरी बाळानं मूठभर भिजवलेले हरभरे पाचोळ्यात उधळले. बायकांनी चपापून अक्कांकडं पाहिलं. अक्का उठल्या. सगळ्यांना वाटलं, आली आता केरसुणी. पण अक्कांनी बाळाला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "असू दे. मातीत पडलंय, मातीला होईल." असं म्हणता म्हणता त्या अंगणभर पाहत राहिल्या. कडुनिंबापासून विहिरीपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि घरी जायची कुणालाच घाई नव्हती.

त्या बायका दिवे लागेपर्यंत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो येऊन घरघरला. अनसूनं आणि आबांनी भांड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. दुर्गाक्का पायऱ्या उतरून सरळ फाटकाकडं गेल्या.

"फरशी परत ने," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"अवो पण अक्का, तुम्हीच सांगितली होती ना?"

"मीच सांगितली होती आणि मीच परत पाठवतेय. माझ्या अंगणात फरशी घातली तर पुढच्या वर्षी कमळजाबाई बसतील कुठं?"

टेम्पो गेला. अक्का खोलीच्या दारात आल्या. त्यांनी गाठोडं पाहिलं, अनसूचे फोड आलेले इवले तळहात पाहिले, आणि त्यांचा ताठ कणा पहिल्यांदाच थोडा वाकला.

"भिवा, गाठोडं सोड," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या लेकीला नको ते बोलले. तिला बागेतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. ही खोली तुमची, बाग आहे तोवर तुमची. आणि अनसू, उद्यापासून दुपारी माझ्याकडं धडा वाचायला येत जा. पाणी घालून झाल्यावर ये, आधी नको."

अनसूनं अक्कांच्या कमरेला घट्ट मिठी मारली. मग ती पळत सुटली, ती थेट विहिरीमागं.

पाचोळापरी विहिरीच्या काठावर उभी होती. तिचा जाळीदार झगा सकाळच्या उन्हानं आरपार उजळला होता.

"खोली राहिली," अनसू धापा टाकत म्हणाली. "मी मागितली नव्हती तरी राहिली."

"मला ठाऊक आहे," परी हसून म्हणाली. "आता कडुनिंबाला नवी पानं आलीत, माझं इथलं काम संपलं. दुसऱ्या कुठल्यातरी अंगणात कुणीतरी हातात काडी घेऊन उभं असेल. ती विझते का बघायला जाते."

"मला तुझी फार आठवण येईल गं."

"मलाही येईल," परी म्हणाली, आणि वाकून तिनं अनसूच्या एकेका फोडाला आपले चिमुकले ओठ लावले. फोड हुळहुळले आणि मिटले. मग कडुनिंबाच्या कोवळ्या, तांबूस पालवीतून उन्हाचा एक झोत खाली आला. परीचे पंख त्यात सोनेरी झाले, मग केशरी, मग नुसतेच उजेडाचे, आणि उजेडात उजेड मिसळला तेव्हा काठावर कुणीच नव्हतं.

अनसू थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग तिनं डोळे पुसले, झारी भरली आणि ती मोगऱ्याकडं वळली, कारण ऊन वर चढायच्या आत पाणी द्यायला हवं होतं.

जशी तिच्या अंगणी बाग राहिली, तशी तुमच्या आमच्या अंगणीही राहो, आणि ओंजळ पुढं करणाऱ्या प्रत्येकीला फूल मिळो.